चुकलेलं एकच विमान

विमानांनी माझा संसार चालवला, पण मी स्वतः विमानात कधी बसलो नाही. बसावंसंही फार वाटलं नाही. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. आमच्या कोन गावच्या मंडळाने या दिवाळीला अंक काढायचं ठरवलं आणि 'बाळारामदादा, तुम्ही विमानतळाचं काहीतरी लिहा' म्हणून पोरं मागे लागली. त्यांना वाटतं, मी नटनट्या, पुढारी, क्रिकेटवाले गाडीतून फिरवले असतील. तसलं एकही गिऱ्हाईक मला मिळालं नाही. ती माणसं आपापल्या गाड्या मागवतात. माझं गिऱ्हाईक मुंबईला आलेलं नसायचं, ते मुंबईत अडकलेलं असायचं.

समजावून सांगतो. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत परदेशाहून येणारी विमानं सहारला उतरायची आणि देशातली विमानं सांताक्रूझहून सुटायची. एखादा माणूस पहाटे आखातातून उतरायचा आणि त्याचं पुढचं विमान असायचं संध्याकाळी. मधला सगळा दिवस तो पायांत सामान धरून खुर्चीवर बसून काढायचा. ना घरचा ना घाटाचा. आमच्या ड्रायव्हर लोकांत अशांना 'मधलं गिऱ्हाईक' म्हणत, आणि ते कुणालाच नको असायचं. सरळ गिऱ्हाईक बरं, कुलाब्याला सोडलं की मोकळे. मधल्याला घेऊन जा, त्याच्यासाठी थांबा, परत आणा, आणि विमान चुकलं तर शिव्याही तुम्हीच खा.

मी ती गिऱ्हाइकं घ्यायला लागलो, कारण दुसरी मिळत नव्हती. शेत गोदामाला गेलं, माझ्या वाट्याला आलं त्यातून सुमो घेतली आणि विमानतळावर जाऊन उभा राहिलो. तिथले जुने ड्रायव्हर मला नावाने हाक मारत नसत, नुसतं 'भिवंडी' म्हणत. 'ए भिवंडी, तुझा माल आला बघ,' असं ओरडले की समजायचं, कुणीतरी अडकलेला बाहेर आलाय. पण एक गोष्ट माझ्याकडे होती जी त्यांच्याकडे नव्हती. मी शेतकऱ्याचा मुलगा. बांधावर बसून वाट बघायची सवय होती मला.

या धंद्याचं गणित उलटं असतं. कुठे जायचं ते आधी ठरवायचं नाही. आधी परत कधी पोचायचं ते ठरवायचं, त्यातून मागे मागे यायचं, आणि हातात उरेल तेवढ्यात काय बसतं ते गिऱ्हाइकाला सांगायचं. ठाण्याला गर्दी धरायची, बायपासला गोदामांचे कंटेनर आडवे झालेले धरायचे, आणि एवढं धरूनही वर थोडं राखून ठेवायचं. बियाण्याचं भात बाजूला काढून ठेवतात तसं ते राखलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला मी स्टिअरिंगवर हात ठेवून सांगायचो, "आपली गाडी म्हणजे विमान चुकणार नाही." हे सांगताना छाती थोडी फुगायची, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक गोरं जोडपं होतं, साठीच्या पुढचं. त्यांना गणेशपुरीला जायचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी म्हणे दोघांची पहिली भेट तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर झाली होती. नेलं. कुंडावर गेल्याबरोबर म्हातारा आणि म्हातारी भांडायला लागले. तो म्हणे या पायरीवर, ती म्हणे त्या. मी मराठी माणूस, मला इंग्रजी भांडण किती कळणार? पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. शेवटी मी हातवारे करून दोघांना मधल्या पायरीवर बसवलं आणि पाण्यात पाय सोडायला लावले. गप्प बसले. परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते.

दुसरी एक केरळची नर्स. कुवेतहून निघालेली, डोळे लाल, धड उभंही राहवत नव्हतं. हॉटेलात जाऊया का म्हटलं तर मान हलवली. "कोई घर है क्या, भैया? जिधर औरत हो." आता असं घर मला एकच ठाऊक. तिला सरळ कोनला आणलं आणि ताराच्या ताब्यात दिलं. तारा म्हणजे माझी बायको. ताराने काही विचारलं नाही. ओसरीवरची खाट सावलीत ओढली, पोरांना दम दिला आणि त्या बाईच्या अंगावर आपलं लुगडं टाकलं. दुपारी उठवून तिच्यापुढे भात आणि खोबरं वाटलेलं बोयट माशाचं कालवण ठेवलं. पहिला घास घेतला आणि त्या पोरीच्या डोळ्यांतून पाणी. मी घाबरलो, म्हटलं तिखट झालं की काय. तारा म्हणाली, "तिखट न्हाय. घराची आठवण आली तिला. तू बाहेर जा." तेव्हापासून माझ्या धंद्यात ताराचा वाटा अर्धा आहे असं मी मानतो. ती पाऊण मानते.

तर इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि विमान चुकलं ते एकाचंच. तेच सांगायला बसलो आहे.

त्याचं नाव हरीलाल. देवरिया जिल्ह्यातला, मस्कतला वेल्डिंग करणारा. सकाळीच बाहेर आला, दोन मोठ्या बॅगा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं भलंमोठं ब्लँकेट घेऊन. संध्याकाळी त्याचं बनारसचं विमान होतं. गावी त्याचं लग्न ठरलेलं. त्याला ताज दाखवा, चौपाटी दाखवा, असलं काही नको होतं. त्याचा थोरला भाऊ रामधनी भिवंडीत कापडाचा लूम चालवत होता. बाप लवकर गेला, या भावानेच त्याला वाढवलेलं. पण याची रजा आणि त्याची गावाकडची फेरी कधी जुळलीच नाही. सहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि आता लग्नालाही येणार नाही असा रामधनीने निरोप धाडला होता. सीझन चालू आहे, लूम सोडला तर परत बसायला मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"फोन पे ना बोल दिया, दादा," हरीलाल मला गाडीत म्हणाला. "सामने ना बोल के दिखाए. मैं उसको ले के जाऊँगा."

मी मनात उलटं गणित मांडलं. भिवंडी म्हणजे माझं अंगण, शिवाय हाताशी अख्खी दुपार. म्हटलं, बस. आणि नेहमीचं वाक्यही ऐकवलं.

पत्ता विचारला तर म्हणाला, "पानी की टंकी के पीछे, बडे सेठ का कारखाना." भिवंडीत पाण्याच्या टाक्या कितीतरी, आणि प्रत्येक कारखान्याचा सेठ बडाच असतो. पण भिवंडीत लूमवरचा माणूस शोधायची एक रीत आहे. कारखाना शोधायचा नाही, बिसी शोधायची. बिसी म्हणजे कामगारांची खानावळ. देवरियाचा माणूस देवरियाच्या बिसीत जेवतो, तेलंगणातला तेलंगणाच्या. कारखाने बदलतील, खोल्या बदलतील, पण आपल्या मुलखाची डाळ कुणी सोडत नाही. विचारत विचारत देवरियावाल्यांच्या बिसीत पोचलो. चौबेजी नावाचे म्हातारे मालक डाळीला फोडणी देत होते.

"रामधनी? अपना ही आदमी है," ते म्हणाले. "ये उसका भाई? अरे बैठो, बैठो! भाई की बिसी से भूखा जाएगा क्या?"

हरीलालला पाटावर बसवून त्यांनी ताट वाढलं. कारखान्यात बाहेरच्याला मुकादम शिरू देत नाही आणि गल्लीत सुमो जात नाही. तेव्हा जेवून कामावर परत निघालेल्या एका कामगाराला चौबेजींनी निरोप दिला. मी शेजारी उभा होतो, शब्द न् शब्द ऐकला. "रामधनी को बोल, मशीन छोड के आए. घर से आदमी आया है, गाडी ले के."

यात काय चूक आहे? मलाही काही वाटलं नाही. जन्म भिवंडीच्या कडेला गेला तरी डोक्यात आलं नाही, याचं आजही नवल वाटतं. लूमवाल्याकडे गावचा माणूस येतो तो रेल्वेने येतो, खांद्याला पिशवी लावून, आणि बिसीत बसून शिफ्ट सुटायची वाट बघतो. चालू शिफ्टमध्ये कुणी कुणाला मशीनवरून उठवत नाही. गाडी घेऊन कुणी येतं आणि मशीन सोडून ये म्हणतं, ते एकाच कामासाठी.

आम्ही वाट बघत बसलो. तेवढ्यात वीज गेली. बाहेरच्या वाचकांना सांगतो, भिवंडीत वीज गेलेली डोळ्यांआधी कानांना कळते. सगळ्या गल्ल्यांतला खडखडाट एकदम बंद पडतो आणि माणसाला आपलाच आवाज मोठा वाटायला लागतो. लोडशेडिंगला रोज शिव्या घालणारा मी त्या दिवशी खूश झालो. म्हटलं, मशीन बंद, आता रामधनी धावत येईल.

धावत आला तो त्याच्या खोलीतला दुसरा माणूस. आत शिरत म्हणाला, "चौबेजी, रामधनी का खाना मत रखना. उसकी माई चली गई. वो गाँव निकल गया."

हरीलालचा हात ताटातच राहिला. त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मीच त्याच्या पाठीला हात लावला. म्हटलं, "अरे बाबा, ये अपनी ही बात घूम के आई है! हमने बोला आदमी आया है, उसने समझा माई गई."

त्याला ते पटलं. मान डोलावली. मग हळूच म्हणाला, "लेकिन दादा, मैंने भी कल से घर फोन नहीं किया."

अफवा आम्हीच सोडली होती हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी आईच्या बाबतीत एकदा तसलं वाक्य कानावर पडलं की शहाणपण चालत नाही. त्याचा मस्कतचा फोन इथे चालत नव्हता. माझ्या मोबाईलवरून त्याच्या गावातल्या किराणा दुकानदाराला लावला, तर नेटवर्कच्या बाहेर.

खोलीतला माणूस म्हणाला, रामधनी पिशवी भरून आत्ताच कल्याणच्या शेअर रिक्षात बसला. दुपारच्या गाडीने जाणार. थोरला मुलगा ना, आग त्यालाच द्यायची.

कल्याणची रिक्षा म्हटल्यावर माझं डोकं चाललं. भिवंडीहून कल्याणला जायचं तर आमच्या कोनच्या नाक्यावरूनच जावं लागतं. घरी साधा फोन होता. ताराला म्हटलं, "नाक्यावर जा. भिवंडीकडून येईल ती रिक्षा थांबव. रामधनी नावाचा माणूस हाय, पिशवी असंल, रडत असंल. त्याला उतरव."

"आनि त्याला काय सांगू?"

"सांग, तुझी आई बरी हाय. भाऊ येतोय मागून."

"बरा," म्हणाली आणि फोन ठेवला. जास्त विचारायची तिची पद्धतच नाही. विचारायचं ते ती नंतर विचारते, आणि मग मात्र सगळं विचारते.

आम्ही निघालो आणि बायपासच्या चौकात अडकलो. एक कंटेनर आडवा. राखून ठेवलेल्या वेळेला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना? तो तिथेच उभ्या उभ्या संपला. हरीलाल पुढच्या सीटवर बसून दर थोड्या वेळाने माझा मोबाईल घेऊन दुकानदाराला लावत होता, आणि तीच बाई नेटवर्कच्या बाहेर म्हणून सांगत होती.

कोनला पोचलो तेव्हा घरासमोर निम्मी आळी जमलेली. माझ्या ओट्यावर एक किडकिडीत माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. केसांत कापसाचे तंतू, गालांवर ओघळ. शेजारी पाण्याचा तांब्या, भरलेला तसाच. तारा कमरेवर हात देऊन उभी.

"कवाची सांगतंय त्याला, तेरा मा अच्छा हाय, अच्छा हाय," ती मला म्हणाली. "जेवरा सांगतंय तेवरा जास्ती रडतंय. पानी पन घेत न्हाय. रिक्षातशी उतरवला तं बोंबलला, आमी चोर हाव समजून."

आता तिचं काय चुकलं? पण त्या माणसाचंही काय चुकलं? आपल्याकडे मेल्याची बातमी कुणी सरळ सांगतं का? 'आई बरी आहे, तू फक्त चल,' असंच सांगतात. माझ्या बापाच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं. त्यामुळे 'बरी आहे' म्हणणारं प्रत्येक तोंड रामधनीला बातमी पक्की करून देत होतं.

मला वाटलं, भाऊ दिसला की सगळं मिटेल. हरीलाल गाडीतून उतरला. रामधनीने वर पाहिलं, ओळखायला त्याला क्षणभर लागला. मग पिशवी बाजूला पडली.

"तू भी आ गया?" तो म्हणाला. "मस्कत से? तब तो माई सच में..." आणि भावाच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की आळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"माई ठीक है, भैया," हरीलाल म्हणत होता. पण म्हणता म्हणता तोही रडायला लागला. सहा वर्षांनी भेटलेले दोघं भाऊ, आणि जिवंत आईच्या नावाने रडतायत. ती जिवंत आहे हे तिथे कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं, हीच तर पंचाईत.

मी दोघांना घरात घेतलं आणि फोनपाशी बसवलं. गाडी मुद्दाम सुरूच ठेवली होती. या खेपेला फोन लागला. हरीलालने विचारलं आणि दुकानदार मोठ्या आवाजात म्हणाला, सगळ्यांना ऐकू आलं, "हाँ हाँ, सब ठीक है. तुम लोग बस आ जाओ."

त्या भल्या माणसाच्या डोक्यात लग्न होतं. पण इकडे रामधनीने भिंतीला डोकं टेकलं.

"माई को बुला दो," हरीलाल ओरडला.

दुकानदार म्हणाला, घर लांब आहे, माणूस पाठवतो, जरा वेळाने करा.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्ता निघालं तर विमान मिळत होतं. जरा वेळाने निघालं तर मिळेल असं छातीठोक सांगता येत नव्हतं. हे त्याला सांगणं माझं काम, म्हणून सांगितलं. म्हटलं, "हरीलाल, रस्त्यात मोबाईल से करेंगे. चल."

रस्त्यात नेटवर्कचा भरवसा नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग तो वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवले आणि परत फोनपाशी बसला.

"दादा," म्हणाला, "गाडी बंद करो."

इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. लोक 'जल्दी करो' म्हणत, 'शॉर्टकट मारो' म्हणत. मी बाहेर जाऊन चावी फिरवली. माझा धंदा मी माझ्याच हाताने बंद करतोय असं वाटलं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्यांदा लावला तर फोनवर कुणी चुलता आला. "आवत बाड़ी, आवत बाड़ी," येतेय, येतेय एवढंच म्हणाला आणि लाइन तुटली. आईच्या जागी चुलता. रामधनी नुसता मान हलवत राहिला. ओसरीवर माणसं दाटली होती. तारा स्वयंपाकघरात गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. तिला चिंता वाटली की ती भाकऱ्या थापते. तेवढाच आवाज येत होता.

तिसऱ्यांदा लावला. हरीलालने काही न बोलता फोन भावाच्या कानाला लावला आणि आपलं डोकं त्याच्या डोक्याला चिकटवलं.

पलीकडून म्हातारीचा आवाज आला. फोन म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारायची वस्तू, अशी समजूत असलेल्या बायका बोलतात तसा. "के ह? रामधनी? काहे रोवत बाड़ऽ?"

रामधनी रडतच होता. हरीलालनेच कसंबसं सांगितलं की आम्ही दोघं इथे आहोत, भिवंडीत, एका घरात.

मग म्हातारी म्हणाली, "दूनो भाई एके साथे बाड़ऽ?" हे तिने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा आवाज ओला झाला होता. "त एके साथे घरे आवऽ." मग एकत्रच घरी या, म्हणाली.

रामधनीने फोन खाली ठेवला आणि ताराच्या दिशेने हात पुढे केला. पाणी मागत होता. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मग हसायला लागला. हसता हसता हरीलालच्या पाठीत एक असा गुद्दा घातला की मला वाटलं आता याला वेल्डिंग जमणार नाही. आळीतली माणसंही हसली. ज्यांनी पदर डोळ्यांना लावले होते त्या बायका आता 'मी म्हनलाच व्हता' म्हणायला लागल्या.

माझं लक्ष घड्याळावर. म्हटलं, "अजून थोडी आशा आहे. विमानतळापर्यंत गाडी उडवतो. रामधनीभाई, तुम्ही पण चला, भावाला सोडायला." हरीलालने बूट चढवले. तारा आतून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली आणि रामधनीच्या हातात दिलं. चांगलंच जड दिसत होतं. मी थट्टा केली, "एका माणसाला एवढ्या? त्याचं लग्न न्हाय, भावाचं हाय."

"तू गारी चालव," ती म्हणाली.

आमच्या आळीतून गाडी नाक्यावर आली की डाव्या हाताला भिवंडी, ठाणे, पुढे विमानतळ. उजव्या हाताला दुर्गाडीचा पूल आणि कल्याण. मी डावीकडे वळायला इंडिकेटर लावला. आरशात बघितलं तर मागे दोघं भाऊ, मध्ये गाठोडं. रामधनी म्हणत होता, "मशीन तो गई अब. किसी और को बिठा दिया होगा." आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. पिशवी तर भरलेलीच होती, गावच्या वाटेवर तर तो आलेलाच होता. ज्या माणसाने फोनवर नाही म्हटलं होतं, तो न विचारता लग्नाला निघालेला होता.

हरीलालने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा," म्हणाला, "उधर." त्याचं बोट उजवीकडे होतं.

मी म्हटलं, "तिकीट वाया जाईल. जनरलच्या डब्यात उभं राहून जावं लागेल, दोन दिवस."

"माई ने क्या बोला?" त्याने विचारलं.

मागून हॉर्न वाजायला लागले होते. मी इंडिकेटर बदलला.

कल्याणला संध्याकाळची गाडी मिळाली. त्या गर्दीत दोन बॅगा, ब्लँकेट, पिशवी आणि दोन भाऊ आत घालायचे म्हणजे काय दिव्य होतं ते सांगत नाही. मी, एक हमाल आणि एक अनोळखी सरदारजी, तिघांनी मिळून ढकललं. ब्लँकेटवर बसायची सोय झाली. रामधनीने धाकट्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः अंगाने गर्दी अडवून धरली. मी खिडकीशी गेलो. पुन्हा विमानाचंच बोललो, वाईट वाटतंय म्हणालो.

रामधनी गजांतून म्हणाला, "अरे दादा, प्लेन में कितना टाइम मिलता? ये दो दिन का रास्ता है. छह साल की सब बात हो जाएगी."

गाडी हलली. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून हात हलवत राहिलो, आपलंच कुणी निघालंय असा.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर ही गोष्ट सांगितली आणि पस्तावलो. बाकीच्यांना फुकटची करमणूक मिळाली. 'भिवंडीच्या गाडीत बसाल तर रेल्वेने पोचाल' ही म्हण तिथे बरेच दिवस चालली. मीही गिऱ्हाइकांना ते छातीठोक वाक्य ऐकवायचं सोडून दिलं. नंतर हरीलाल एकदा मस्कतहून गावी जाताना नाक्यावर थांबून खजुराचा डबा देऊन गेला. रामधनीला दुसऱ्या कारखान्यात लूम मिळाला होता, आणि चौबेजींच्या बिसीत आता असे निरोप पाठवायच्या आधी 'सब जिंदा हैं' असं सांगायची रीत पडली होती. एवढ्या लोकांनी माझ्या गाडीत बसून आपला मधला वेळ माझ्या हवाली केला. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझा सगळा धंदा उलट्या गणितावर चालला, आणि ज्या दिवशी गणित चुकलं तोच दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

त्या संध्याकाळचं एवढंच राहिलं. कल्याणहून घरी आलो तेव्हा तारा ओटा झाडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं. विमानतळावर जाऊन यायला लागतो त्याच्या निम्माही वेळ झाला नव्हता.

"इमान गावला काय त्याला?" तिने विचारलं.

"न्हाय."

मी पायरीवर बसलो, चपला काढल्या.

"कल्याणला सोडला दोघांना," मी म्हटलं. "एकाच गाडीत."

"बरा झाला," ती म्हणाली आणि परत झाडायला लागली. "मी भाकऱ्या दोघांच्याच बांधल्या व्हत्या."